संगणकांचे जाळे व वितरित संगणन

मुंबईच्या गिरणगावात राहणारा कोकणातील कामगार पूर्वी पगार झाला की टपालकचेरीत जाऊन दोन कामे उरकीत असे. आईला खुशालीचे एक कार्ड टाकी आणि तिच्याच नावे मनिऑर्डर करी. दोन्ही एकाच खिडकीच्या आसपासून निघत, टपालाच्या एकाच थैलीतून प्रवास करीत, आणि पुष्कळदा एकाच पोस्टमनच्या हातून आईच्या दारी जात. केवळ वाहतुकीच्या दृष्टीने पाहिले तर दोहोंत काही भेद नव्हता. परंतु कार्डाबाबतची डाकखात्याची जबाबदारी ते दारात पडले की संपत असे. मनिऑर्डरीबाबतची तेथे संपत नसे. मुंबईस भरलेली रक्कम आईच्या हाती पडली पाहिजे आणि ती एकदाच पडली पाहिजे. तिची सही किंवा अंगठा घेऊन ती पोच मुलाकडे परत आली पाहिजे. आई गावी नसली तर पैसे मुलाला परत मिळाले पाहिजेत. मुंबईच्या कचेरीतील वही आणि गावच्या कचेरीतील वही ह्या दोन निरनिराळ्या वह्या, दोन अनोळखी माणसांनी लिहिलेल्या. तरी त्यांचा मेळ बसलाच पाहिजे.

संगणकांचे जाळे आणि वितरित संगणन ह्यांतील भेद जवळजवळ असाच आहे. जाळे कार्ड पोचविते; मनिऑर्डर पुरी करणे हे वितरित संगणनाचे काम होय. नेहमीच्या बोलण्यात, आणि कित्येकदा परीक्षेच्या उत्तरपत्रिकांतही, हे दोन शब्दप्रयोग एकमेकांच्या जागी बसविले जातात, ह्याचे कारण दुसऱ्याला पहिल्यावाचून चालत नाही. पण रस्त्यावाचून व्यापार चालत नाही म्हणून रस्ता म्हणजे व्यापार असे आपण म्हणत नाही.

‘वितरित’ ह्या शब्दाविषयी येथेच एक खुलासा केलेला बरा. मराठीत वितरण म्हटले की रेशनच्या दुकानासमोरील रांग डोळ्यांपुढे येते; कोणी एक देणारा, बाकीचे घेणारे. मूळ इंग्रजी संज्ञेत तो भाव मुख्य नाही. ‘निरनिराळ्या ठिकाणी विखुरलेले’ एवढेच तिला म्हणावयाचे असते, आणि ह्या विषयातील सर्वांत बिकट प्रश्न, देणारा असा कोणी मुखत्यार नसतो तेव्हाच उद्भवतात. तथापि शब्द आता रूढ झाला आहे, तोच वापरू.

जाळ्याचे काम

टेलिफोनच्या जुन्या पद्धतीत दोन माणसे बोलत असेपर्यंत त्यांच्यामधील तार त्यांच्यासाठीच अडवून ठेवावी लागे. संगणकांचे बोलणे निराळे असते. ते क्षणभर पुष्कळ बोलतात आणि मग बराच वेळ गप्प बसतात. त्यांच्यासाठी तार अडविणे म्हणजे उधळपट्टी. 1960 नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेत पॉल बॅरन आणि इंग्लंडमध्ये डोनाल्ड डेव्हिस ह्या दोघांना, एकमेकांचे काम ठाऊक नसताना, एकच उपाय सुचला. संदेशाचे लहान लहान तुकडे करावे, प्रत्येकावर पत्ता लिहावा, आणि जो मार्ग मोकळा असेल त्याने ते धाडावे. मुक्कामी पोचल्यावर ते पुन्हा जुळवावे. ह्या तुकड्यांना ‘पॅकेट’ हे नाव डेव्हिस ह्यांनी दिले.

ह्या तत्त्वावर उभारलेल्या ‘आर्पानेट’ ह्या अमेरिकी जाळ्यावरून पहिला संदेश 29 ऑक्टोबर 1969 रोजी रात्री गेला. लॉस एंजलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून चार्ली क्लाइन हा विद्यार्थी स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील संगणकाला ‘लॉगिन’ हा शब्द एकेक इंग्रजी अक्षराने धाडीत होता. ‘एल’ पोचले, ‘ओ’ पोचले, आणि पलीकडचा संगणक बंद पडला. सुमारे तासाभराने पुन्हा प्रयत्न झाला तेव्हा तो यशस्वी झाला. ही गोष्ट बहुधा गमतीने सांगितली जाते. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने ती फार बोलकी आहे. त्या रात्री जाळ्याने आपले कर्तव्य पार पाडले होते. धाडलेली दोन्ही अक्षरे बिनचूक पोचली होती. मोडले ते दोन यंत्रांनी मिळून करावयाचे काम.

पुढे व्हिंटन सर्फ आणि रॉबर्ट कान ह्यांनी 1974 साली मांडलेले नियम विकसित होऊन 1 जानेवारी 1983 पासून आर्पानेटवर लागू झाले, आणि आजचे इंटरनेट त्यांच्याच वंशातील नियमांवर चालते. त्यांतील एका नियमावलीनुसार वाटेत हरवलेले पॅकेट पुन्हा धाडले जाते, मागेपुढे झालेली पॅकेटे क्रमाने लावली जातात, आणि एकच पॅकेट दोनदा आले तर एक टाकून दिले जाते. जाळ्याकडून ह्याहून अधिक मागणे योग्य नव्हे. मात्र ह्या वचनात काय नाही तेही ध्यानात घ्यावे. पलीकडच्या आज्ञावलीने संदेश वाचला की नाही, वाचून काम केले की नाही, केलेले काम वहीत लिहिण्यापूर्वी वीज गेली की काय, ह्यांविषयी जाळे काहीही सांगत नाही.

शेवटचा बर्थ

ह्यापुढचा विचार एका परिचित उदाहरणाने करू. भारतीय रेल्वेचे आरक्षण पूर्वी कागदी नोंदवह्यांत होत असे. गाडीची वही जेथे, तेथेच बर्थ मिळावयाचा. परगावाहून परतीचे आरक्षण हवे तर तारेने विनंती धाडून उत्तराची वाट पाहावी लागे. संगणकावर आरक्षण करण्याचा प्रयोग 1985 साली नव्या दिल्लीत सुरू झाला आणि यथाकाल मुंबई, कोलकाता, चेन्नई व सिकंदराबाद येथेही तशी केंद्रे झाली. पाचही केंद्रांत संगणक होते, पण प्रत्येकाची वही त्याच्यापुरती. ह्या पाचांची जोडणी ‘कॉन्सर्ट’ ह्या नावाच्या प्रणालीने एप्रिल 1999 मध्ये पूर्ण झाली, आणि तेव्हापासून कोणत्याही शहराच्या खिडकीवर कोणत्याही केंद्राकडील गाडीचे तिकीट मिळू लागले. ऑगस्ट 2002 पासून तर प्रवासी घरबसल्या इंटरनेटवरून तिकीट काढू लागला.

पाच केंद्रांना तारांनी जोडले की काम झाले, असे कोणासही वाटेल. म्हणून अशी कल्पना करा की, हावड्याहून सुटणाऱ्या एका गाडीत एकच बर्थ उरला आहे. नागपूरच्या खिडकीवर आजारी वडिलांना घेऊन निघालेला एक मुलगा उभा आहे. चेन्नईच्या खिडकीवर मुलाखतीला निघालेली एक तरुणी. दोन्ही कारकुनांनी एकाच वेळी विचारणा केली आणि दोघांच्याही पडद्यावर ‘एक बर्थ शिल्लक’ असे आले. दोघांनीही तो मागितला. दोन्ही संदेश बिनचूक पोचले. संगणकाने नागपूरसाठी वही पाहिली: एक शिल्लक. चेन्नईसाठी पाहिली: एक शिल्लक. मग नागपूरला विकला असे लिहिले आणि चेन्नईला विकला असेही लिहिले. जाळ्याकडून तसूभरही चूक झालेली नाही, आणि तरी रात्री दोन वाजता दोन माणसे खरी तिकिटे हातात घेऊन एकाच फळीसमोर भांडत उभी आहेत.

ह्यावरचा साधा उपाय जुन्या कारकुनासही ठाऊक होता: एका गाडीची वही एकाच ठिकाणी ठेवावयाची, आणि एकाने लेखणी उचलली की त्याचे लिहून होईपर्यंत दुसऱ्यास वहीला हात लावू द्यावयाचा नाही. रेल्वेच्या पाच केंद्रांत गाड्यांची वाटणी आहे ती ह्याच तत्त्वाला धरून. खिडकी कोठेही असो, विचारणा त्या गाडीची वही सांभाळणाऱ्या केंद्राकडेच जाते.

पण सर्वच व्यवहार एका वहीत मावत नाहीत. एखाद्या कुटुंबाला दोन गाड्यांनी प्रवास करावयाचा आहे; पहिलीचा हिशेब एका केंद्रात आणि दुसरीचा दुसऱ्या केंद्रात. दोन्ही बर्थ मिळत असतील तरच त्यांना निघावयाचे आहे. अशा कामासाठी संगणकशास्त्रज्ञांनी दोन पायऱ्यांची रीत बसविली आहे. प्रथम एक यंत्र मध्यस्थ होऊन दोन्ही केंद्रांना म्हणते, ‘बर्थ राखून ठेवा आणि तयार आहात काय ते कळवा.’ दोघांचा होकार आला की दुसरा हुकूम सुटतो, ‘आता पक्के करा.’ एकाने जरी नकार दिला तरी दोघांना ‘सोडून द्या’ असे सांगितले जाते. रीत उत्तम आहे, परंतु दोघांचा होकार घेतल्यानंतर आणि हुकूम सोडण्यापूर्वी मध्यस्थच बंद पडला तर? केंद्रांनी बर्थ राखलेला आहे. तो विकताही येत नाही, सोडताही येत नाही. मालक परागंदा आणि दाराला कुलूप अशी स्थिती होते. मध्यस्थाने आपला प्रत्येक निर्णय आधी टिकाऊ वहीत लिहावा आणि पुन्हा सुरू झाल्यावर प्रथम ती वही वाचावी, अशी त्यावर तोड आहे. तोवर मात्र गिऱ्हाईक उभेच राहते.

मौनाचा अर्थ

एकाच संगणकावर चालणारे काम बिघडले तर ते बहुधा सबंध बिघडते, आणि बिघडले हे कळते. अनेक यंत्रांवर पसरलेले काम अर्धे बिघडते, आणि कोणते अर्धे ते कळत नाही. मला वाटते, वितरित संगणनाची निराळी विद्या व्हावी लागली ती मुख्यतः ह्या एका कारणाने.

एका बँकेच्या संगणकाने दुसऱ्या बँकेच्या संगणकाला ‘अमुक खात्यात 500 रुपये जमा करा’ असे कळविले आणि उत्तर आले नाही. ह्या मौनाचे निदान तीन अर्थ संभवतात. विनंती वाटेत हरवली असेल. विनंती पोचून पलीकडचा संगणक मधेच थांबला असेल. किंवा पैसे रीतसर जमा होऊन उत्तर तेवढे हरवले असेल. पहिल्या अर्थी पुन्हा विनंती केली पाहिजे. तिसऱ्या अर्थी पुन्हा विनंती केली तर 500 चे 1000 होतील. दोहोंत निवड कशी करावयाची? वाट पाहून काही कळत नाही, कारण उत्तर हरवले आहे की उशिरा येत आहे हे ओळखण्याची खूण नाही.

अधिक पोचपावत्या मागविल्या तर प्रश्न सुटेल असे प्रथमदर्शनी वाटते. तो सुटत नाही, हे 1975 साली दाखविले गेले, आणि पुढे ‘दोन सेनापतींचा प्रश्न’ ह्या नावाने ते प्रसिद्ध झाले. दोन टेकड्यांवर एकाच पक्षाच्या दोन फौजा आहेत. मधल्या खोऱ्यात शत्रू आहे. दोघांनी एकाच वेळी हल्ला केला तरच जय मिळेल. पहिला सेनापती ‘पहाटे हल्ला’ असा निरोप जासुदाबरोबर धाडतो. जासूद वाटेत पकडला जाण्याचा संभव आहे, म्हणून पोच आल्यावाचून पहिला हलणार नाही. दुसरा पोच धाडतो. पण ती पोचली की नाही हे त्याला कळत नाही, म्हणून पोचेची पोच आल्यावाचून तोही हलणार नाही. हा क्रम कोठेही थांबत नाही. शेवटचा जासूद कोणताही धरा, त्याला पाठविणाऱ्याच्या मनात शंका उरतेच. निरोप हरवण्याचा संभव आहे तोवर उभयतांची पूर्ण खात्री होईल अशी देवघेव रचताच येत नाही. हे कोण्या यंत्राचे न्यून नव्हे; हा सिद्धांत आहे, आणि तारा कितीही चांगल्या घातल्या तरी तो बदलत नाही.

व्यवहारात मग काय करतात? खात्री सोडून देतात आणि पुनरावृत्ती निरुपद्रवी करतात. प्रत्येक विनंतीला एक क्रमांक द्यावयाचा. उत्तर आले नाही तर तीच विनंती त्याच क्रमांकाने पुन्हा धाडावयाची. पलीकडच्याने पुऱ्या केलेल्या क्रमांकांची यादी ठेवावयाची, आणि तो क्रमांक यादीत असला तर काम न करता केवळ जुने उत्तर द्यावयाचे. मनिऑर्डरीवर क्रमांक असे तो काही शोभेसाठी नव्हता. ज्या प्रणालीत एवढी काळजी घेतलेली नसते तिच्यात काय होते ह्याचा अनुभव प्रस्तुत अनुवादकाने घेतला आहे. एका प्रवासी कंपनीच्या संकेतस्थळावर पैसे भरले, पडदा कोरा राहिला, अधीरतेने कळ पुन्हा दाबली, आणि एकाच बसची, एकाच रात्रीची दोन तिकिटे हाती आली. प्रवास एकट्याचाच होता.

आपल्या देशात 2016 साली सुरू झालेल्या यूपीआय पद्धतीने ऑगस्ट 2023 ह्या एका महिन्यात 1,000 कोटींहून अधिक व्यवहार झाले. इतक्या प्रचंड संख्येत, ‘पैसे कापले गेले पण पोचले नाहीत’ अशी स्थिती काहींच्या वाट्याला येणारच. येथे रिझर्व्ह बँकेने 20 सप्टेंबर 2019 रोजी काढलेले परिपत्रक मुद्दाम पाहण्यासारखे आहे. यूपीआयने धाडलेली रक्कम समोरच्या खात्यात जमा झाली नाही, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ती आपोआप परत गेली पाहिजे, ए.टी.एम.मधून नोटा न येता खात्यातून पैसे कापले गेले तर पाच दिवसांच्या आत ते परत जमा झाले पाहिजेत; आणि विलंब झाल्यास दर दिवसास 100 रुपये भरपाई ग्राहकाने न मागता दिली पाहिजे. परिपत्रकाची भाषा अर्थातच बँकेची आहे. पण त्याने गृहीत धरलेली गोष्ट गणिताची आहे: दोन वह्यांचा मेळ काही काळ बसणार नाही, हे टाळता येत नाही, तो किती काळात बसविला पाहिजे, आणि तोवरची झळ कोणी सोसावयाची, एवढेच ठरविता येते.

आधी कोण?

वरच्या उदाहरणात नागपूर व चेन्नई येथील विचारणा ‘एकाच वेळी’ झाल्या असे आपण सहज म्हटले. परंतु दूरच्या दोन ठिकाणी एकच वेळ असणे म्हणजे काय? काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. दिल्ली ते चेन्नई सरळ रेषेत सुमारे 1,750 किलोमीटर. म्हणजे अत्यंत वेगवान संदेशालाही एका बाजूने जाण्यास एक हजारांश सेकंदाच्या जवळजवळ नऊपट वेळ लागणार. तेवढ्यात आजचा साधा संगणकही कोटीच्या घरात आज्ञा पार पाडून मोकळा होतो. त्यात प्रत्येक यंत्राचे घड्याळ थोडे पुढे वा थोडे मागे चालत असते. तेव्हा दोन ठिकाणच्या घड्याळांतील आकडे ताडून ‘आधी कोण’ हे ठरविणे सुरक्षित नाही.

लेस्ली लॅम्पोर्ट ह्या अमेरिकी शास्त्रज्ञांनी 1978 साली ह्या प्रश्नाची दिशाच बदलली. खरी वेळ काय हे विचारू नका, असे त्यांचे म्हणणे. कोणत्या घटनेचा परिणाम कोणत्या घटनेवर होऊ शकला असता, एवढेच विचारा. संदेश धाडणे हे तो मिळण्याच्या आधीच घडते, ह्यात संशय नाही. म्हणून प्रत्येक यंत्राने घड्याळाऐवजी एक साधी मोजणी ठेवावी. काही घडले की तीत एक मिळवावा आणि संदेशावर तो आकडा लिहावा. आलेल्या संदेशावरचा आकडा आपल्यापेक्षा मोठा असेल तर आपली मोजणी त्याच्याही एकाने पुढे न्यावी. ही युक्ती शाळकरी मुलालाही शिकविता येईल. हिच्यामुळे कारण आणि कार्य ह्यांचा क्रम कधीही उलटत नाही. ज्या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंधच नाही, त्यांचा क्रम मात्र संकेताने ठरवावा लागतो. सर्वांनी तोच संकेत पाळला म्हणजे झाले.

वही एकाच ठिकाणी असली तर ते ठिकाण पुरात वा आगीत सापडल्यावर सर्वच बुडते, म्हणून महत्त्वाच्या वह्यांच्या तीन किंवा पाच प्रती दूरदूर ठेवतात. मग प्रत्येक नोंदीबद्दल ह्या प्रतींचे एकमत झाले पाहिजे. फिशर, लिंच आणि पॅटरसन ह्या तिघांनी 1985 साली असे सिद्ध केले की, संदेशाला किती उशीर होईल ह्यास मर्यादा नसेल आणि एक जरी यंत्र बंद पडण्याचा संभव असेल, तर ठराविक नियमांनी चालणाऱ्या यंत्रांचे एकमत हमखास होईलच अशी कोणतीही रीत असू शकत नाही. म्हणून वापरात असलेल्या रीती बहुमतावर चालतात आणि वेळेच्या अंदाजाचा आधार घेतात. पाच प्रतींमधील दुवा तुटून एका बाजूला तीन व दुसऱ्या बाजूला दोन राहिल्या, तर तिघांनी काम चालू ठेवावे आणि दोघांनी थांबावे. ह्या दोघांचे संगणक ठाकठीक आहेत, आपसातली तारही शाबूत आहे; तरी आलेल्या गिऱ्हाइकाला ‘आता नाही’ असे सांगणे हेच त्यांचे योग्य काम असते. जाळे बांधणाऱ्यास हे विचित्र वाटेल, कारण त्याच्या शास्त्रात चालू यंत्राने संदेश नाकारणे हा दोष होय.

वाटून घेतलेले काम

वितरित संगणनाचे आणखी एक रूप आहे आणि लोकांना तेच अधिक परिचित आहे. त्यात वही जपावयाची नसते, डोंगराएवढे काम वाटून उरकावयाचे असते. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने मे 1999 मध्ये असा एक प्रकल्प सुरू केला. प्वेर्तो रिकोमधील अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीने टिपलेल्या लहरींत परग्रहावरील बुद्धिमान प्राण्यांची काही खूण सापडते काय, हे शोधावयाचे होते. लहरींचे तुकडे करून ते जगभरच्या स्वयंसेवकांच्या घरगुती संगणकांकडे धाडले जात. संगणक रिकामा असला की तो तुकडा तपाशी. पन्नास लाखांहून अधिक लोकांनी ह्यात भाग घेतला, आणि 31 मार्च 2020 रोजी नवे तुकडे वाटणे थांबले. परग्रहवासी सापडले नाहीत. ह्या कामी जाळ्याला जवळजवळ विश्रांतीच होती. लहानसा तुकडा एकदा द्यावयाचा आणि कित्येक तासांनी लहानसे उत्तर घ्यावयाचे. कठीण भाग दुसराच होता: उत्तर देणारा संगणक सदोष असेल, किंवा त्याचा मालक नावलौकिकासाठी खोटी उत्तरे धाडीत असेल, तर? म्हणून एकच तुकडा एकाहून अधिक लोकांना देऊन त्यांची उत्तरे ताडून पाहावी लागत.

ह्याच्या शेजारचे पण निराळे असे समांतर संगणन आहे. पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राने 1991 साली सिद्ध केलेला ‘परम 8000’ हा महासंगणक त्या जातीचा. त्यातही अनेक गणकयंत्रे एकत्र राबतात, परंतु ती एका छपराखाली, एका चालकाच्या हाताखाली असतात. घरातील माणसांनी काम वाटून घेणे आणि परस्परांना न पाहिलेल्या माणसांनी पत्रोपत्री धंदा करणे, एवढे ह्या दोहोंत अंतर आहे.

सीमारेषेवरील एक प्रसंग

येथवर आपण जाळे आणि वितरित संगणन ह्यांच्यामध्ये एक रेघ ओढली. ती ओढणे आवश्यक आहे. पण जाळ्याच्या पोटात डोकावले तर ती रेघ तेथेही सापडते. पॅकेट कोणत्या वाटेने धाडावे हे ठरविण्यासाठी जाळ्यातील प्रत्येक नाक्यावरच्या यंत्राला इतर मार्ग चालू आहेत की बंद हे ठाऊक असावे लागते, आणि ह्याविषयी सर्व नाक्यांचे एकमत असावे लागते. म्हणजे जाळे स्वतःच एक वितरित संगणन आहे.

आर्पानेटवर प्रत्येक नाका आपल्या तारांची स्थिती ठराविक काळाने सर्वांना कळवीत असे. कोणती बातमी नवी व कोणती जुनी हे समजावे म्हणून तिच्यावर 0 ते 63 पर्यंतचा अनुक्रमांक असे. 63 नंतर पुन्हा 0. घड्याळात बारानंतर एक येतो तशी ही गोल मोजणी. नवी बातमी आली की ती ठेवावयाची व पुढे धाडावयाची, जुनी आली तर टाकून द्यावयाची, असा नियम होता. मोजणी गोल असल्यामुळे, दोन आकड्यांत 32 पर्यंत अंतर असेल तर मोठा तो नवा, आणि त्याहून अधिक असेल तर लहान तो नवा, असे ठरविलेले होते.

27 ऑक्टोबर 1980 रोजी एका यंत्राच्या स्मृतीत बिघाड होऊन एका नाक्याच्या बातमीवरील आकड्यातून एकेक अंश गळाला. 44 चे 40 झाले आणि 40 चे 8. तारेवरून जाताना होणारी चूक पकडण्याची व्यवस्था होती. यंत्राच्या स्मृतीत पडून असताना झालेली चूक तिच्या कक्षेत येत नव्हती. आता तिन्ही बातम्या जाळ्यात फिरू लागल्या. 40 पेक्षा 44 नवा. 8 पेक्षा 40 नवा, कारण अंतर 32. आणि 44 पेक्षा 8 नवा, कारण अंतर 36. प्रत्येक नाका प्रामाणिकपणे जुनी टाकून नवी घेई, आणि नवी शेजाऱ्यास देई. चक्र कोठेच थांबेना. ह्या बातम्यांना इतर संदेशांच्या आधी वाट देण्याचा नियम असल्याने उपयोगाचे काम ठप्प झाले आणि काही तास सबंध जाळे निकामी राहिले. कोणतीही तार तुटली नव्हती. प्रत्येक पॅकेट धाडले त्याच रूपात पोचत होते. एखादा नाका बंद करून पुन्हा चालू करण्यानेही भागणार नव्हते, कारण तो जागा होताच शेजारी त्या तिन्ही बातम्या त्याच्या हाती देणार. शेवटी चालकांनी सर्व नाक्यांच्या आज्ञावलीत एक तात्पुरती दुरुस्ती घातली: त्या एका नाक्याकडून आलेली बातमी, तिच्यावरचा आकडा कोणताही असो, कोणीही ऐकू नये.